भागीदार बदलणे म्हणजे परवाना विकणे नव्हे

मद्यविक्रीचा परवाना भागीदारी संस्थेच्या नावे असेल, तर त्या संस्थेतील प्रत्येक बदल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या दप्तरी मंजूर होऊन परवान्यावर चढावा लागतो. महाराष्ट्रात नवा भागीदार घेण्यासाठी, जुना कमी करण्यासाठी आणि परवाना दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी शुल्काची तरतूद आहे. त्याला विशेषाधिकार शुल्क म्हणतात. ते दरवर्षीच्या अनुज्ञप्ती शुल्काहून वेगळे असते. त्याचे मूळ १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात आणि त्याखाली १९५४ साली केलेल्या विशेषाधिकार शुल्क नियमांत आहे. अधिनियमाच्या कलम ४९ नुसार मद्याची निर्मिती, वाहतूक आणि विक्री हा केवळ राज्याचा अधिकार आहे. तो अधिकार दुसऱ्याला वापरू दिल्याचा मोबदला परवान्याच्या शुल्कात धरलेला असतो.

या व्यवस्थेमागे एक समजूत घट्ट बसलेली आहे. भागीदार बदलला की परवान्याचा धनी बदलला, म्हणून बदल लहान असो वा मोठा, त्याला हस्तांतराच्याच मापाने मोजावे, असे ती समजूत सांगते. तिच्या बाजूने पाच मुद्दे मांडले जातात. भागीदारी संस्थेला स्वतंत्र अस्तित्व नाही; हे शुल्क विशेषाधिकाराची किंमत असून न्यायालयांनी ते मान्य केले आहे; शुल्क नसेल तर भागीदारीच्या आडून परवाने विकले जातील; परवान्यामागे कोण आहे हे सरकारला कळले पाहिजे; आणि महसूल बुडता कामा नये. यांपैकी एकही मुद्दा पोकळ नाही. तरीही पाचही एकत्र धरले तरी सरसकट शुल्काचे समर्थन होत नाही. परवान्याचा ताबा बाहेरच्या माणसाकडे खरोखर जात असेल तेव्हाच, आणि जितका जात असेल तितक्याच प्रमाणात, हे शुल्क न्याय्य ठरते.

पहिला मुद्दा भागीदारीच्या स्वरूपाचा. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाचे कलम ४ सांगते की भागीदारी हे व्यक्तींमधले नाते आहे आणि संस्थेचे नाव हे त्या व्यक्तींचे सामूहिक नाव. कंपनीला असते तसे वेगळे कायदेशीर व्यक्तित्व भागीदारी संस्थेला नाही. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की तिघांपैकी एक गेला की तिघांची संस्था संपली, दोघांची नवी संस्था जन्माला आली आणि परवाना जुन्या संस्थेकडून नव्या संस्थेकडे गेला.

हा निष्कर्ष भागीदारी अधिनियमालाच मान्य नाही. त्या अधिनियमात भागीदार येण्या-जाण्याचे प्रकरण वेगळे आहे आणि संस्थेच्या विसर्जनाचे वेगळे. कलम ३१ नव्या भागीदाराच्या प्रवेशाबद्दल आहे, कलम ३२ निवृत्तीबद्दल. दोन्हींत संस्था पुढे चालू राहते हेच गृहीत धरलेले आहे. प्रत्येक बदलाने संस्था मरत असती तर या कलमांची गरजच उरली नसती. मृत्यूबाबत कलम ४२ सांगते की वेगळा करार नसेल तर संस्था विसर्जित होते. म्हणजे भागीदारीपत्रात तशी अट घातली की उरलेले भागीदार तीच संस्था चालवू शकतात, आणि जवळपास प्रत्येक भागीदारीपत्रात ही अट असते. आयकराचा कायदाही याच वाटेने गेला. १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १८७ मध्ये, जुन्यांपैकी एक तरी भागीदार कायम असेल तर ती संस्थेची पुनर्रचना समजली जाते आणि आकारणी त्याच संस्थेची होते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत भागीदाराचे येणे-जाणे ही दुरुस्ती मानली जाते आणि पंधरा दिवसांत कळवायची असते. त्यासाठी नवी नोंदणी घ्यावी लागत नाही. एकाच परमिट रूमची भागीदारी संस्था जेवणाच्या बिलावरील कराच्या नोंदवहीत तीच राहते आणि मद्याच्या नोंदवहीत मात्र नवी ठरते, ही विसंगती तर्काने सोडवता येत नाही.

निवृत्त होणारा भागीदार परवान्यातला आपला भाग उरलेल्यांना विकतो, हे म्हणणेही टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ च्या अड्डांकी नारायणप्पा खटल्यात हे स्वरूप स्पष्ट केले. भागीदारी चालू असताना संस्थेच्या कोणत्याही ठरावीक मालमत्तेवर बोट ठेवून ‘यातला इतका भाग माझा’ असे भागीदाराला म्हणता येत नाही. त्याचा हक्क नफ्यातील वाट्याचा आणि बाहेर पडताना देणी भागवून उरलेल्या रकमेतील वाट्याचा असतो. निवृत्तीच्या वेळी त्याचा हिशेब चुकता होतो. परवाना आधी ज्यांच्या नावे होता त्यांच्यापैकीच उरलेल्यांच्या नावे राहतो. दोनच भागीदार असले आणि एक गेला, तर संस्था उरत नाही हे खरे. पण मागे राहिलेला माणूस कालही परवानाधारक होता आणि आजही आहे.

इथे समोरच्या बाजूचे एक म्हणणे मान्य केले पाहिजे. एकट्या मालकाच्या नावचा परवाना नव्या भागीदारीत आणला जातो, तेव्हा जे एकट्याचे होते ते अनेकांचे होते. भागीदाराने स्वतःची मालमत्ता संस्थेत आणणे हे हस्तांतरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सुनील सिद्धार्थभाई खटल्यात म्हटले आहे. येणे आणि जाणे यांत फरक आहे तो हाच. येण्यात बाहेरच्या माणसाला काहीतरी मिळते, जाण्यात बाहेरच्या कोणालाच काही मिळत नाही. शुल्क ठरवताना या फरकाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

हा फरक राज्याला अपरिचित नाही. महाराष्ट्राच्याच मुद्रांक अधिनियमात भागीदारीपत्राची नोंद अनुच्छेद ४७ मध्ये आहे. निवृत्तीच्या किंवा विसर्जनाच्या वेळी एका भागीदाराने आणलेली मालमत्ता दुसरा भागीदार घेऊन जात असेल, तर अभिहस्तांतरणाच्या दराने मुद्रांक लागतो. तसे नसेल तर किरकोळ ठरावीक मुद्रांक पुरतो. मालमत्ता खरोखर हलली का, हा प्रश्न मुद्रांक कार्यालय विचारते. उत्पादन शुल्क विभागाने तो विचारू नये याचे कारण सापडत नाही. केंद्राने २०२१ साली आयकर कायद्यात बदल करून भागीदारीच्या पुनर्रचनेवर कर आणला, असा दाखला यावर दिला जातो. तो दाखला सरसकट शुल्काच्या विरोधातच जातो. त्या तरतुदीतही कर लागतो तो बाहेर पडणाऱ्याला त्याच्या भांडवली खात्यातील शिलकीपेक्षा जे जास्त मिळाले त्यावर. म्हणजे ती तरतूदही आधी प्रत्यक्ष काय हाती आले ते मोजते.

दुसरा मुद्दा किमतीचा. या शुल्काला आव्हान देणारे व्यावसायिक बहुधा ‘शुल्काच्या बदल्यात सरकार कोणती सेवा देते’ असे विचारतात. मद्याच्या बाबतीत हा युक्तिवाद चालत नाही आणि त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. १९७५ च्या हर शंकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मद्यविक्रीचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. परवान्यापोटी घेतलेली रक्कम हा कर नाही आणि सेवेचे शुल्कही नाही. राज्याने आपला विशेषाधिकार दिल्याची ती किंमत आहे. १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालाने हीच भूमिका पक्की केली.

तरीही किंमत म्हटली की ती कशाची, हे सांगावे लागते. कलम ४९ मोबदल्याबद्दल बोलते आणि मोबदला दिलेल्या गोष्टीचा असतो. परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षासाठी असतो आणि त्या वर्षाचे अनुज्ञप्ती शुल्क आधीच भरलेले असते. तीन भागीदारांपैकी एक निवृत्त झाला, तर उरलेल्या दोघांना राज्याने नवे काय दिले? तीच जागा, तीच वेळ, तोच परवाना आणि तीच दोन माणसे. राज्याने विशेषाधिकाराचा कणभरही भाग नव्याने दिलेला नाही. किंमत घेण्याचा अधिकार असणे वेगळे आणि काही न देता किंमत घेणे वेगळे. खोडे निकालाची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. राज्याने एकदा व्यापाराला परवानगी दिली की पात्र नागरिकांमध्ये भेदभाव करता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. ज्यांची स्थिती वेगळी आहे त्यांना एकाच मापाने मोजणे हीसुद्धा असमान वागणूक होते. धंदा पूर्णपणे विकून मोकळा होणारा मालक आणि वयोमानाने बाजूला होणारा भागीदार यांना एकाच रांगेत उभे करण्याला समानता म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. राज्यात वाईन शॉपचे, म्हणजे एफएल-२ चे, आणि देशी दारूच्या किरकोळ दुकानाचे, म्हणजे सीएल-३ चे, नवे परवाने १९७० च्या दशकापासून सर्वसाधारणपणे दिले गेलेले नाहीत. संख्या गोठली, मागणी वाढत राहिली, त्यामुळे जुन्या परवान्याला मोठा भाव आला. हा भाव परवानाधारकाच्या कर्तबगारीतून आलेला नाही, सरकारी धोरणातून आलेला आहे. म्हणून विक्रीच्या वेळी त्यातला वाटा सरकारने मागणे रास्त आहे. तो वाटा चुकवण्याची रीतही ठरलेली आहे. पहिल्या भागीदारीपत्राने घेणारा दहा टक्क्यांचा भागीदार होऊन आत येतो. काही महिन्यांनी दुसरे पत्र होते आणि वाटा नव्वद टक्क्यांवर जातो. मग तिसरे पत्र होते आणि मूळ परवानाधारक ‘वैयक्तिक कारणास्तव’ निवृत्त होतो. कागदावर विक्री कुठेच दिसत नाही, पण गल्ल्यावरचा माणूस पूर्ण बदललेला असतो.

ही पळवाट बंद झालीच पाहिजे. प्रश्न ती कशी बंद करायची एवढाच आहे. सरसकट शुल्क चोराला आणि सावाला एकच दंड लावते. शिवाय त्याने चोर थांबतही नाही, कारण परवान्याचा बाजारभाव शुल्काच्या कितीतरी पट असेल तर असे शुल्क हा त्याच्या व्यवहारातला किरकोळ खर्च ठरतो. ज्याच्या व्यवहारात नफाच नाही त्याला मात्र ते जड जाते. समजा, एका तालुक्याच्या गावातल्या परमिट रूमचे वार्षिक अनुज्ञप्ती शुल्क सहा लाख रुपये आहे आणि तीन भावांचे वाटे पंचेचाळीस, पंचेचाळीस आणि दहा टक्के आहेत. दहा टक्क्यांचा भाऊ बाहेर पडतो आणि त्याचा हिशेब चार लाखांत मिटतो. अशा बदलाला एका वर्षाच्या शुल्काइतकी रक्कम लावली, तर भावाला दिलेल्या पैशांपेक्षा सरकारला दिलेले पैसे जास्त होतात. याच जागी कोणी परका पन्नास टक्क्यांनी आत आला असता, तरी रक्कम तीच राहिली असती. जे माप या दोन घटनांत फरक करू शकत नाही, ते पळवाट शोधण्याच्या कामाचे नाही.

त्यातही टंचाईचा युक्तिवाद सगळ्या परवान्यांना लागू पडत नाही. परमिट रूमचा एफएल-३ परवाना अटी पूर्ण करणाऱ्याला नव्याने मिळू शकतो. जिथे नवा परवाना मिळण्याची वाट उघडी आहे, तिथे जुन्या परवान्याला टंचाईचा भाव फारसा चढत नाही. वाईन शॉपच्या टंचाईचे कारण पुढे करून परमिट रूमच्या भागीदारांकडून वसुली करणे चुकीचे आहे.

पळवाटेवरचा खरा उपाय बदलांची बेरीज करण्यात आहे. पाच वर्षांच्या काळात बाहेरून आलेल्यांचा एकत्रित वाटा अर्ध्याच्या वर गेला की ते पूर्ण हस्तांतर समजावे आणि पूर्ण शुल्क घ्यावे. मग पत्रे तीन करा की तेरा, फरक पडत नाही. भागीदारीपत्रातले टक्के खोटे असू शकतात, ही शंका योग्य आहे. त्यासाठी भांडवल कोणी आणले, बँक खात्यावर कोणाची सही चालते, कुलमुखत्यारपत्र कोणाला दिले आहे आणि नफा कोणाच्या विवरणपत्रात दिसतो, या चार गोष्टी पाहाव्यात. ही सगळी कागदपत्रे आजच मागवता येतात.

चौथा मुद्दा माहितीचा. परवान्यामागे कोण उभे आहे हे सरकारला माहीत असलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. दुकानात काम करणाऱ्या नोकराचेही नाव नोकरनाम्यावर लागते, तिथे भागीदार अज्ञात राहणे कोणालाच परवडणारे नाही. नव्या भागीदाराची चारित्र्य पडताळणी, त्याचा जबाब, थकबाकीची खातरजमा आणि दुय्यम निरीक्षकाचा अहवाल ही कामे आवश्यक आहेत आणि त्यांचा खर्च अर्जदाराने द्यावा. पण हा खर्च चौकशीचा आहे. तो वाट्याच्या किंवा परवान्याच्या किमतीवर अवलंबून नसतो. दहा टक्क्यांच्या भागीदाराची पडताळणी आणि पन्नास टक्क्यांच्या भागीदाराची पडताळणी यांना सारखेच श्रम लागतात.

जड शुल्काने माहिती मिळण्याऐवजी दडते. बदल कळवला की मोठी रक्कम भरावी लागते आणि न कळवला तर काही दिवस तरी काहीच होत नाही, अशी स्थिती असली की पैसे घालणारा माणूस परवान्यावर न येता मागे राहतो. परवान्यावर जुनीच नावे राहतात आणि धंदा भलताच माणूस चालवतो. अशा गुप्त भागीदाराची कायद्यात काय अवस्था होते, हे सर्वोच्च न्यायालयाने बिहारीलाल जयस्वाल खटल्यात दाखवले आहे. मध्य प्रदेशातल्या त्या प्रकरणात परवानगीवाचून भागीदार घ्यायला अबकारी नियमांची मनाई होती, म्हणून ती भागीदारीच बेकायदा ठरली आणि आयकराच्या दृष्टीनेही तिला मान्यता मिळाली नाही. गुप्त भागीदाराला हिशेब मागता येत नाही, कारण ज्या कराराच्या आधारे मागायचा तो करारच कायद्याला मान्य नाही. कागदावरच्या परवानाधारकालाही सुख नाही. दुसऱ्याच्या हातून अटींचा भंग झाला तरी कारवाई त्याच्यावर होते. शुल्क वाचवायला गेलेले दोघेही अडकतात आणि सरकारच्या हाती खोटी नोंदवही उरते. दारूबंदी अधिनियमाचा हेतू नियंत्रणाचा आहे आणि खोट्या नोंदवहीवर नियंत्रण उभे राहत नाही.

पाचवा मुद्दा महसुलाचा आणि त्याला चिकटलेल्या नैतिक भावनेचा. मद्यातून मिळणारा मोठा महसूल उत्पादन शुल्कातून आणि मूल्यवर्धित करातून येतो. तो विकल्या गेलेल्या मद्यावर अवलंबून असतो, भागीदारांच्या नावांवर नाही. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट करण्याचा निर्णय घेतला. महसूल वाढवायचा तर सरकारपाशी अशी साधने आहेत. याच निर्णयात एफएल-२ आणि एफएल-३ परवाने करारनाम्याने दुसऱ्याला चालवायला देण्याची मुभा दिली गेली. त्यासाठी वार्षिक अनुज्ञप्ती शुल्काच्या अनुक्रमे १५ आणि १० टक्के जादा रक्कम ठरली. म्हणजे सगळा धंदा परक्याच्या हाती देण्यासाठी सहा लाखांच्या परमिट रूमला वर्षाला साठ हजार रुपये जादा पडतील. ज्या सरकारने परक्याच्या प्रवेशाला टक्केवारीचे माप लावले, त्याने घरच्या भागीदाराच्या निवृत्तीला त्याहून जड माप लावण्याचे कारण उरत नाही.

दारूच्या धंद्याची कणव कशाला, असे यावर म्हटले जाते. राज्यघटनेचे कलम ४७ मादक पेयांचे सेवन रोखण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगते, आणि त्या उद्देशाचा आदर राखलाच पाहिजे. पण भागीदाराच्या निवृत्तीवर शुल्क घेतल्याने मद्याचा एक पेलाही कमी विकला जात नाही. दुकान तेच राहते, वेळ तीच राहते, गिऱ्हाईकही तेच राहते. दारू कमी करायची असेल तर दुकानांची संख्या, अंतराची अट, वेळ, वयोमर्यादा आणि दर यांवर काम करावे लागेल. आणि न्याय हा धंद्याच्या प्रतिष्ठेवर अवलंबून ठेवला, तर ज्या धंद्यावर लोकांचा राग असेल त्याच्याकडून काहीही वसूल करता येईल, असा पायंडा पडतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर परवान्यावर नाव लावायला आलेल्या विधवेकडे धंदा चांगला की वाईट या प्रश्नाचे उत्तर मागणे अमानुष आहे. सरकारने तो धंदा कायदेशीर ठरवून वर्षानुवर्षे त्याचे शुल्क घेतलेले असते.

इतर व्यवस्थांनी नावातला बदल आणि परवान्याचे मूल्य यांची सरमिसळ टाळली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्याखाली जागेच्या परवान्याचे शुल्क त्या जागेच्या करपात्र मूल्यानुसार १०० पौंडांपासून सुरू होऊन चढत जाते. परवाना एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावे करण्याचे शुल्क मात्र सर्वांना सारखे, २३ पौंड आहे. गुन्हेगारीला आळा घालण्याच्या कारणावरून पोलिसांना तिथे हरकत घेता येते. तिथे परवान्यांची संख्या गोठवलेली नाही, म्हणून तो आकडा महाराष्ट्रात जसाच्या तसा आणता येणार नाही. चौकशीचा खर्च एका बाजूला आणि परवान्याचे मूल्य दुसऱ्या बाजूला ठेवण्याची पद्धत मात्र इथेही आणता येईल.

त्या पद्धतीने नियमांची रचना अशी व्हावी. प्रत्येक बदलासाठी ठरावीक आणि माफक चौकशी शुल्क असावे. निवृत्ती, मृत्यूनंतर वारसाची नोंद, चालू भागीदारांतील वाट्यांची फेररचना आणि पती, पत्नी किंवा मुलांचा प्रवेश यांना विशेषाधिकार शुल्क नसावे, आणि हे नियमातच स्पष्ट लिहिलेले असावे. बाहेरचा भागीदार आला तर त्याच्या वाट्याच्या प्रमाणात शुल्क घ्यावे. पाच वर्षांत असे वाटे अर्ध्याच्या वर गेले की पूर्ण हस्तांतराचे शुल्क लागावे आणि आधी भरलेली रक्कम त्यातून वजा व्हावी. एफएल-२ आणि सीएल-३ यांचे दर टंचाईच्या प्रमाणात चढे असावेत, एफएल-३ चे नसावेत. अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय व्हावा आणि नकार दिला तर त्याची कारणे लेखी द्यावीत. दडवलेली भागीदारी स्वतःहून जाहीर करण्यासाठी एकदाच मुदत द्यावी. त्यानंतर जी सापडेल तिच्यावर परवाना रद्द होण्यापर्यंतची कारवाई व्हावी.

या रचनेत सरकारचे हक्काचे काहीच जात नाही. विशेषाधिकार राज्याकडेच राहतो, टंचाईच्या नफ्यातला वाटा मिळतो, परवान्यामागची माणसे समोर येतात आणि आडमार्गाची विक्री बेरजेत सापडते. सरकारला सोडावी लागते ती फक्त काहीच न देता घेतली जाणारी किंमत, आणि तिच्यावर राज्याचा हक्क कधीच नव्हता.